ताईची बंदूक आणि ट्यूबचा टीव्ही: टीव्ही गेम दुरुस्तीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

पावसाळ्याआधी माळा आवरायचा म्हणून आईनं हाक मारली आणि पत्र्याच्या ट्रंकेत आमचा टीव्ही गेम सापडला. डबा, दोन रिमोट, चार पिवळ्या कॅसेट आणि ताईची केशरी बंदूक. एका रिमोटची वायर उंदरानं कुरतडली आहे, कॅसेटच्या पिनांवर हिरवट थर आहे, बाकी सगळं जागच्या जागी.

ताई ९ ऑगस्टला राखी पौर्णिमेला साताऱ्याहून कोल्हापूरला येणार आहे. तोपर्यंत हे चालू करायचं. दर शनिवार-रविवारचं काम इथे तारखेनं लिहीत जाईन, म्हणजे काय केलं आणि का केलं ते नंतर शोधावं लागणार नाही.

पहिला बेत साधा आहे. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर गेल्या वर्षीपासून पडून आहे. त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय टाकायचं, हॉलमधल्या एलईडी टीव्हीला जोडायचं, दोन यूएसबी रिमोट लावायचे. जुना डबा फक्त शोपीस म्हणून पुसून ठेवायचा.

७ जून, शनिवार

रेट्रोपाय कार्डावर टाकलं, सुरू झालं, पण कोपऱ्यात पिवळी वीज सारखी चमकत होती. पायला ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. मी मोबाईलचा जुना चार्जर लावला होता. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही खूण येते, आणि मग पाय स्वतःचा वेग कमी करतो. राजारामपुरीतून चांगला अडॅप्टर आणला, वीज गेली. कुणी पाय घेणार असाल तर पहिले पैसे अडॅप्टरवर घाला.

परवा, ५ तारखेला, निन्टेन्डोचा स्विच २ बाजारात आला. आपल्याकडे तो अधिकृतपणे मिळत नाही, पण रात्रभर व्हिडिओ बघितले. ७.९ इंचाचा पडदा, १०८० पी, १२० हर्ट्झ, चुंबकानं चिकटणारे रिमोट. यंत्र म्हणून मला मनापासून आवडलं. पण त्यांच्या ‘गेम-की कार्ड’वर माझा राग आहे. बऱ्याच गेमच्या कार्डात गेमच नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. माळ्यावरून काढलेली कॅसेट आज घासली की चालेल, याची मला खात्री आहे. तीस वर्षांनी हे कार्ड ज्याला माळ्यावर सापडेल, त्यानं ते काय घासायचं?

१५ जून, रविवार

मारिओ चालू झाला आणि लगेच काहीतरी खटकलं. दोन गोष्टी होत्या, त्या वेगळ्या काढायला मला आठवडा लागला.

पहिली गोष्ट वेगाची. पायवरचा मारिओ घाईत आहे. संगीताचा सूर तोच, पण चाल जलद. कारण सापडल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. हे गेम जपान-अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या टीव्हीसाठी लिहिलेले. आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झचे, म्हणून आपल्याकडे विकले गेलेले नकली डबेसुद्धा सेकंदाला ५० चित्रं काढायचे. गेम चित्रांच्या हिशेबानं पुढं सरकतो, म्हणजे आमच्या घरातला मारिओ सहाव्या हिश्शानं सावकाश धावत होता. तेच आम्हाला खरं वाटायचं. अजूनही वाटतं.

दुसरी गोष्ट हाताची. बटण दाबल्यावर उडी उशिरा येते. ‘वाटतं’ म्हणून भागणार नव्हतं, म्हणून मोजलं. फोन स्टँडवर लावून सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. एका चौकटीत माझा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असं बघितलं. बटण तळाला टेकलं ते चित्र आणि मारिओचा पाय जमिनीवरून सुटला ते चित्र, मधली चित्रं मोजली. दहा उड्यांची सरासरी २७ आली, म्हणजे साधारण ११२ मिलिसेकंद. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू केल्यावर १७. रेट्रोपायच्या आतल्या रेट्रोआर्चमधलं ‘रन-अहेड’ हे उशीर कमी करणारं सेटिंग एका चित्रावर ठेवलं की १३, म्हणजे ५४ मिलिसेकंदांच्या आसपास.

५४ ला खेळता येतं. ११२ ला खड्डा आला की मारिओ पडतो आणि दोष आपण आपल्या बोटांना देतो. नवा टीव्ही घेतलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: रंग, आवाज नंतर बघा, आधी गेम मोड कुठं आहे ते शोधा.

१६ जून, सोमवार

ऑफिसला जायच्या आधी कॉन्ट्रा, गोळीबाराचा गेम. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ३० जीव मिळाले. मुळात हा कोड कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रेडियस हा त्यांचा दुसरा गेम तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातला होता, कारण त्यांना स्वतःलाच तो गेम फार अवघड जात होता. बोटांनी कोड विचारलासुद्धा नाही, आपोआप मारला.

२२ जून, रविवार

ताईला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. मारिओ बघून हसली, कॉन्ट्रा बघून भाच्याला हाक मारली. मग म्हणाली, “आणि बदकं? बंदूक चालेल का रे?”

घरात रिमोट माझा आणि बंदूक तिची, ही वाटणी कधी कुणी ठरवली नव्हती. गेम डक हंट, बदकं मारायचा. एका फेरीत दहा बदकं, प्रत्येकाला तीन गोळ्या. ती चुकायची नाही. मी चुकायचो आणि गवतातून तो कुत्रा तोंडावर हात धरून हसायचा. मी कुत्र्यालाच गोळ्या घालायचो, त्या कधी लागल्या नाहीत.

जुना डबा बाहेर काढला, कुरतडलेला रिमोट बाजूला ठेवला, एव्ही वायर एलईडी टीव्हीला जोडली. चित्र आलं. बंदूक पडद्याला टेकवून मारली, तरी एक बदक पडलं नाही.

हे असंच होणार होतं. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. ती बघते. नळीत एक भिंग आणि मागं प्रकाश ओळखणारा बारीक भाग. घोडा ओढला की गेम एका चित्रापुरता पडदा पूर्ण काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात, आणि उजेड कितव्या चित्रात दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. आधी काळा पडदा का? बंदूक बल्बकडे धरून कुणी फसवू नये म्हणून. १९८४ चा गेम आहे हा. इतक्या थोड्या सामानात इतकी सफाई मला आजच्या कुठल्याच गॅजेटमध्ये दिसत नाही, आणि मी गॅजेट भरपूर बघतो.

पण हा सगळा हिशेब ट्यूबच्या टीव्हीवर बसवलेला आहे. तिथं डब्यानं पाठवलेलं चित्र त्याच क्षणी काचेवर उमटतं. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, साफसूफ करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन येईपर्यंत गेमनं ‘चुकला’ असा निकाल दिलेला असतो. १५ तारखेला मी जी चित्रं मोजली, तीच ही बदकं उडून जाण्याची वेळ.

बेत बदलला. पाय बाजूला. डबा दुरुस्त करायचा आणि ट्यूबचा टीव्ही शोधायचा.

२९ जून, रविवार

लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, मग तीन भंगारवाले. एकाकडे पिक्चर ट्यूब होती, पण मान तुटलेली. दुसऱ्यानं सांगितलं की तांब्यासाठी आतलं सगळं उपसून काच वेगळी जाते, अख्खा सेट आता येतच नाही. पाऊस सतत. रिकाम्या हातानं परत.

५ जुलै, शनिवार

आज डबा उघडला. आत एक लहानशी पट्टी आणि मधोमध काळा डांबरासारखा ठिपका. हा डबा ज्याची नक्कल आहे त्या निन्टेन्डोच्या मूळ जपानी फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या होत्या, इथं सगळं त्या ठिपक्याखाली. बाजूला पाच व्होल्ट देणारा ७८०५. मीटर लावला, ४.९८ आले. तब्येत चांगली आहे. कॅसेटचा सॉकेट साठ पिनांचा. खोडरबरानं कॅसेटच्या पट्ट्या घासल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फडक्यानं पुसल्या, फडकं काळंहिरवं झालं. लहानपणी आम्ही फुंकर मारायचो. फुंकरीतल्या ओलाव्यानंच हा गंज धरला असणार. चालायचं ते फुंकरीनं नव्हे, कॅसेट काढून परत बसवल्यामुळं.

सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) सगळा मिळून ४० केबी. माझ्या फोनवरचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर त्यात असे शंभर मारिओ मावतील. म्हणून तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. एकदा दिसलं की परत दिसायचं थांबत नाही.

परवा, ३ तारखेला, युरोपातल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मागणीला दहा लाख सह्या पूर्ण झाल्या. २०१४ चा द क्रू हा मोटारींचा गेम. मार्च २०२४ अखेर कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानंसुद्धा खेळता येईना. त्यातून ही चळवळ उभी राहिली. मी शंभर टक्के त्यांच्या बाजूनं आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना विकत घेणाऱ्याच्या हातात चालेल असं काहीतरी ठेवा, एवढीच मागणी. माझ्या टेबलावर उघडा पडलेला हा डबा कुणाचीही परवानगी न विचारता सुरू होतो.

६ जुलै, रविवार

आषाढी. आईबरोबर नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला. काम नाही.

१२ जुलै, शनिवार

टीव्ही मिळाला! कागलच्या मावशीकडं, धान्याच्या कणगीशेजारी, वर विणलेलं झाकण घालून ठेवलेला २१ इंची. मावशी म्हणाली, “ने बाबा, नुसती जागा अडवून बसलाय. पण काका असते तर दिला नसता हं.” दोघांनी उचलून रिक्षाटेम्पोत घातला, काच खालच्या बाजूला गादीवर. वजन सगळं काचेत असतं, त्यामुळं उभा ठेवला तर तोंडावर पडतो.

घरी लावला. घोंऽऽ असा तो ओळखीचा आवाज आला, अंगावरचे केस काचेकडं ओढले गेले, आणि पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ. वर काळं, खाली काळं. लगेच बंद केला. रेघ तशीच ठेवली तर त्या जागी काचेचा आतला थर जळतो.

१९ जुलै, शनिवार

एवढा मोठा सेट मी स्वतः उघडणार नाही, हे आधीच ठरवलं होतं. ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते काचेत राहतात. लक्ष्मीपुरीत एक जुने मेकॅनिक आहेत, सत्तरीच्या पुढचे. दुकानात आता मिक्सर आणि इस्त्र्या. सेट बघून उठूनच उभे राहिले.

“कुठनं काढलासा ह्यो?”

“कागलहून, मामा. आडवी रेघ येतीया.”

“मग व्हर्टिकल गेलंय. आयसी तरी, न्हाईतर डाग सुटलाय. बस.”

त्यांनी मागचं झाकण काढलं. दोन बोटं धूळ. लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधली, वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या पट्टीला, आणि पातं रबरी टोपीखाली सरकवलं. टक्. निळी ठिणगी. “आता हात घालाय हरकत न्हाई.” ब्रशनं धूळ झाडली, सर्किटची पट्टी उलटी केली, भिंग डोळ्याला लावलं आणि मला दाखवलं. चित्र वरखाली पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर. आयसी तापतो, निवतो, तापतो, निवतो, आणि वर्षानुवर्षांत डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, पायापासून सुटतो. जुना डाग ओढून काढला, पाय खरवडला, नवा डाग दिला. शेजारचे दोन फुगलेले कपॅसिटर बदलले. ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या एलओटीवरची रबरी टोपी अल्कोहोलनं पुसली. “पावसाळ्यात एलओटी लई बोलतो. चर्रचर्र आवाज आला की बंद करायचा, कोरडा करायचा.”

चालू केला. रेघ वरखाली फाकत गेली आणि पडदाभर मुंग्या आल्या. मामा त्या मुंग्यांकडं बघत उभे राहिले, मीही. पैसे विचारले तर कपॅसिटरचे चाळीस रुपये फक्त घेतले. परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. त्या गोष्टीतला हात कसा असेल, ते आज जवळून बघितलं.

संध्याकाळी मित्र नवा नथिंग फोन ३ घेऊन आला. ७९,९९९ रुपये मला जास्तच वाटतात. पण पाठीवरचा ४८९ दिव्यांचा गोल पडदा मला आवडला, कारण त्यावर बाटली फिरवायचा खेळ आहे. फोन टेबलावर पालथा ठेवायचा आणि चौघांनी भोवती बसायचं. फोनमधली एखादी गोष्ट चौघांनी मिळून बघायची, हे किती दिवसांनी झालं.

२० जुलै, रविवार

एव्ही वायर, पिवळी आणि पांढरी. मारिओ पहिल्या झटक्यात. स्लो मोशन घेतला: सरासरी ८ चित्रं, म्हणजे ३३ मिलिसेकंद. आणि चाल आमची, सावकाश.

२६ जुलै, शनिवार

बंदूक. पहिल्यांदा काहीच नाही. घोडा ओढला की पडदा काळा होतो, म्हणजे घोड्याचा स्विच ठीक आहे, बघणारा भाग आंधळा आहे. पाच स्क्रू काढले. भिंगावर आतून पांढुरकी बुरशी, कोल्हापूरच्या पावसाळ्यांची. कापसाचा बोळा, अल्कोहोल, मऊ हातानं गोल गोल. आत घोड्याला ओझं वाटावं म्हणून एक लोखंडाचा तुकडा बसवलेला, त्याचाच तो ‘खाट्’ आवाज. स्प्रिंगला तेलाचा एक थेंब. बंद केली.

तरी नाही. मग टीव्हीचा ब्राइटनेस निम्म्याच्या वर नेला, कॉन्ट्रास्ट पूर्ण. ट्यूब म्हातारी आहे, पांढरा चौकोन पुरेसा पांढरा येत नव्हता.

खाट्. बदक पडलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “लागलं वाटतं.” तिला आवाजावरून कळलं.

२ ऑगस्ट, शनिवार

कुरतडलेल्या रिमोटची वायर जोडली, पाच तारा, पाच डाग.

गल्लीतली पोरं बघायला आली. त्यांना फुटबॉलचा गेम पाहिजे. फिफाचं नाव सुटल्यावर २०२३ पासून तो गेम ईए स्पोर्ट्स एफसी झाला. नावानं काही बिघडलं नाही, चेंडूचा खेळ चांगलाच आहे. पण माझी एक इच्छा जुनी आहे. शाहू स्टेडियम, पावसानं जड झालेलं मैदान, एकीकडं पाटाकडील, दुसरीकडं शिवाजी तरुण मंडळ, आणि गॅलरीतून पेठेच्या नावाचा गजर. हे त्या गेममध्ये घालता आलं असतं तर कोल्हापुरात कुणी दुसरी टीम निवडली नसती.

पोरांना मुस्तफाबद्दलही सांगितलं. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्याला आपण सगळे मुस्तफा म्हणायचो, तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. मुस्तफा त्यातल्या चार खेळाडूंपैकी एक, पिवळ्या टोपीचा, पण आपल्याकडं अख्खा गेमच त्याच्या नावानं चालला. घरच्या कुठल्याच कन्सोलवर तो अधिकृतपणे आला नाही. पार्लर बंद झाली तसा तोही गेला. त्यातलं मला सगळ्यात आठवतं ते खेळणाऱ्याच्या खांद्यावरून बघणं. आपल्याकडं कॉइन नसलं तरी आपण त्या खेळात असायचो.

रात्री बदकांच्या गेमबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. एक-बदकाच्या खेळात पहिल्या जागेवर रिमोट लावला, तर त्या रिमोटनं बदक उडवता येतं. आम्हाला हे कधीच माहीत नव्हतं. बंदूक चालू असताना मी रिमोट गादीवर टाकून माझ्या पाळीची वाट बघत बसायचो. लगेच लावून बघितलं. डावं दाबलं, बदक डावीकडं वळलं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

सकाळी राखी, मग पांढरा-तांबडा रस्सा. ताईनं टीव्ही बघितला आणि काही बोलली नाही, काचेवर तळहात ठेवला. केस उभे राहतात ते भाच्याला दाखवलं.

मग बंदूक घेतली. पलंगाच्या कडेवर, उजवा गुडघा वर, डावा डोळा मिटलेला, अगदी तशीच बसली. पहिली चार बदकं चार गोळ्यांत. भाचा तोंड उघडं ठेवून आईकडं बघत होता.

पाचव्या बदकाला मी तिच्या मागं बसून रिमोट उचलला. बदक झाडाकडं गेलं, खाली आलं, परत वर. खाट्. चुकली. खाट्. परत चुकली. तिसरी गोळी शेपटीजवळून. कुत्रा हसला.

“असं कसं उडायला लागलं रे हे?” म्हणाली, आणि वळून बघितलं. माझ्या हातात रिमोट.

दोन क्षण ती रिमोटकडं बघत राहिली. मग बंदूक भाच्याच्या हातात दिली, माझ्या शेजारी सरकून बसली आणि हात पुढं केला.

“दे इकडं. मला उडवू दे.”